सील, कातडी आणि ‘चोरांना दिलेली’ भरपाई

माझी भाची पुण्यात कायदा शिकते. परवा तिने मूट कोर्टचं, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरावाच्या खटल्याचं, मेमोरियल (लेखी युक्तिवाद) वाचायला पाठवलं. त्यात पर्यावरणाच्या भागात एक परिच्छेद असा होता की मी चहा बाजूला ठेवला. कुठून घेतलंस म्हणून विचारलं, तर म्हणाली, ‘मावशी, सगळीकडे फिरतंय ते.’ खरंच फिरत होतं. सोसायटीच्या ग्रुपवर होतं, माझ्या शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर होतं, आणि एका सन्माननीय निवृत्त प्राध्यापकांनी त्याला टाळ्यांचे तीन इमोजी लावून पुढे ढकललं होतं.

मेसेज थोडक्यात असा: ‘जगातला पहिला पर्यावरण खटला सीलसाठी लढला गेला! अमेरिकेने रशियाकडून अलास्का घेतला तेव्हा बेरिंग समुद्रही तिचा झाला. निरागस सीलना वाचवण्यासाठी अमेरिकेने घुसखोर ब्रिटिश जहाजं आणि त्यांच्यावरचा चोरीचा माल जप्त केला. पण पॅरिसच्या कोर्टाने चोरांची बाजू घेतली, अमेरिकेला कोट्यवधी डॉलरचा दंड ठोठावला आणि चोरांना मालाच्या दसपट भरपाई मिळाली. त्यानंतर सील संपले. धडा एकच, आधी जप्ती, मग कायदा!’ खाली पांढऱ्याशुभ्र सीलच्या पिल्लाचा डोळ्यांत पाणी आणणारा फोटो.

मी बरीच वर्षं कस्टम्सच्या जप्तीची प्रकरणं चालवली आहेत. ‘आधी जप्ती, मग कायदा’ हे वाक्य माझ्या भाचीच्या मेमोरियलमध्ये जाऊ शकतं, या कल्पनेनेच माझं डोकं फिरलं. म्हणून हे लिहिते आहे. सगळ्या मुद्द्यांना सारखा वेळ देणार नाही, कारण सगळे मुद्दे त्या लायकीचे नाहीत.

बेरिंग हा अलास्का आणि रशिया यांच्यामधला समुद्र. तो विकत घेतल्याचं आधी उरकते. १८६७ साली अमेरिकेने ७२ लाख डॉलर मोजून अलास्का घेतला, हे बरोबर. पण विकणाऱ्याकडे जे नव्हतंच ते घेणाऱ्याकडे कुठून येणार? रशियाने १८२१ साली फर्मान काढून किनाऱ्यापासून शंभर मैलांपर्यंत परक्या जहाजांना मज्जाव केला होता, तेव्हा त्याला विरोध करणाऱ्यांत ब्रिटनबरोबर अमेरिकाही होती. १८२४ मध्ये अमेरिकेशी आणि १८२५ मध्ये ब्रिटनशी तह करून रशियाने तो हट्ट सोडला. सत्तर वर्षांपूर्वी ज्या दाव्यावर आपणच ओरडलो, तोच दावा वारसाहक्काने आपल्याला मिळाला असं सांगणं वॉशिंग्टनच्या वकिलांनाही जड जात होतं. १८९० मध्ये परराष्ट्रमंत्री ब्लेन यांनी बेरिंग हा बंद समुद्र आहे यावर फारसा भर न देता, खुल्या समुद्रात सील मारणं हे नीतीला धरून नाही, अशी वाट काढली ती यामुळेच.

याच मुद्द्यावर एक लाजिरवाणा प्रकारही घडला. रशियन अंमल त्या समुद्रावर कसा कडक होता हे दाखवायला अमेरिकेने जुन्या रशियन कागदांचे तर्जुमे जोडले. ते करणाऱ्या इव्हान पेट्रॉफ नावाच्या माणसाने मूळ कागदात नसलेला मजकूर मधे घुसडला होता. अमेरिकेच्या माणसांच्या ते लक्षात आलं, त्यांनी ब्रिटनला कळवून १८९२ च्या अखेरीस ते कागद मागे घेतले. मागे घेतले याचं श्रेय द्यायलाच हवं. पण पाया किती पोकळ होता ते त्यावरून दिसतं.

आता ‘निरागस सीलना वाचवण्यासाठी’. इथे मात्र मी थांबणार आहे, कारण सगळं विष इथे आहे.

बेरिंग समुद्रात प्रिबिलोफ नावाची बेटं आहेत. सेंट पॉल आणि सेंट जॉर्ज ही त्यांतली मोठी. उन्हाळ्यात फरवाले सील पिल्लं घालायला तिथे लाखांनी येतात. १८७० साली अमेरिकी सरकारने ही बेटं वीस वर्षांच्या मक्त्याने सॅन फ्रान्सिस्कोच्या अलास्का कमर्शियल कंपनीला दिली. मक्ता कशाचा? सील मारण्याचा. वर्षाला एक लाखापर्यंत. तरण्या नरांचे कळप किनाऱ्यावरून हाकत आत न्यायचे, सोट्याने डोक्यात घालून पाडायचे, कातडी सोलून मिठात घालायची आणि लंडनच्या लिलावाला पाठवायची. सरकारला वर्षाचं भाडं ५५,००० डॉलर, वर प्रत्येक कातड्यामागे दोन डॉलर साडेबासष्ट सेंट. लाखाचा कोटा पुरा झाला तर हिशेब बसतो ३,१७,५०० डॉलर वर्षाला. अलास्काच्या किमतीचा मोठा वाटा सरकारने या कातड्यांतूनच परत मिळवला.

म्हणजे अमेरिका ज्या सीलना ‘वाचवत’ होती, ते तिच्या मक्तेदाराच्या सोट्यासाठी राखून ठेवलेले होते. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या व्हिक्टोरिया बंदराहून येणारे शिकारी (कॅनडा तेव्हा ब्रिटिश साम्राज्यात, म्हणून जहाजं ब्रिटिश) ते सील बेटांवर पोचण्याआधी, किंवा पिल्लांना सोडून चरायला खोल समुद्रात गेलेले असताना, तिथेच मारत होते. भांडण धंद्याचं होतं. एकाच लंडनच्या बाजारात दोघांची कातडी विकली जात होती, आणि एकाला दुसरा नको होता.

तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते, आणि ती मी कुरकुरत का होईना मान्य करते. खुल्या समुद्रातली शिकार जास्त नासाडीची होती. पाण्यात डोकं वर काढलेला सील नर की मादी, कळत नाही. दुधाळ मादी मेली की बेटावरचं तिचं पिल्लू उपाशी मरतं, कारण सीलची आई दुसऱ्याच्या पिल्लाला पाजत नाही. गोळी लागलेले कितीतरी सील हाती लागण्याआधी बुडतात. अमेरिकेच्या वकिलांनी हे पॅरिसमध्ये तपशिलाने मांडलं आणि त्यात तथ्य होतं. मेसेजवाल्याने एवढंच लिहिलं असतं तर मी वाचून पुढे गेले असते.

पण एखादी शिकार वाईट आहे म्हणून ती करणाऱ्याचं जहाज वाटेल तिथे पकडता येतं का? पकडताना नेमकं काय झालं ते बघा.

१८८६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी महसूल खात्याच्या कॉर्विन या गस्तीनौकेने कॅरोलिना, थॉर्नटन आणि ऑनवर्ड ही व्हिक्टोरियाची शिडाची तीन गलबतं धरली. कुठे? जवळच्या जमिनीपासून साठ मैलांच्याही पलीकडे, उघड्या समुद्रात. कॅरोलिनावर साडेसहाशेच्या वर कातडी होती, बाकी दोघांवर चारशेच्या आसपास. बंदुका आणि कातडी काढून घेतली, गलबतं ओढत अलास्कातल्या उनालास्का बंदराला नेली आणि किनाऱ्यावर चढवून ठेवली. कप्तान आणि त्यांच्या हाताखालचे मेट यांना अलास्कातल्याच सिटका गावच्या कोर्टात उभं केलं. कायदा लावला तो ‘अलास्का आणि त्याच्या पाण्यात’ फरवाले प्राणी मारायला बंदी करणारा. ते पाणी किती मैलांपर्यंत, हे त्या कलमात नव्हतं. न्यायाधीश डॉसन यांनी ज्युरीला सांगितलं की सगळा पूर्व बेरिंग समुद्र त्यात येतो. कप्तानांना ५०० डॉलर दंड, मेटना ३००, आणि दोघांनाही तीस दिवसांची कैद.

१८८७ च्या सुरुवातीला वॉशिंग्टनहून जहाजं सोडण्याचा हुकूम निघाला. पण त्याची अंमलबजावणी इतकी रखडली की गलबतं उनालास्काच्या वाळूत तशीच पडून राहिली. लाकडी गलबत हिवाळाभर वाळूत टाकून द्या, मग मालकाला ‘घेऊन जा’ म्हणा. आमच्याकडे गोदामात कुजलेला माल सोडवून घ्यायला गेलेल्या आयातदाराचा चेहरा जसा होतो ना, अगदी तसं.

आणि त्याच १८८७ च्या उन्हाळ्यात पुन्हा जप्त्या. डब्ल्यू. पी. सेवर्ड, डॉल्फिन, ग्रेस, अ‍ॅना बेक, आल्फ्रेड अ‍ॅडम्स, अ‍ॅडा. १८८९ मध्ये परत. त्या वर्षीचा ब्लॅक डायमंडचा किस्सा तर ऐकण्यासारखा आहे. रश नावाच्या गस्तीनौकेने ते गलबत पकडलं, कातडी उतरवून घेतली, आणि पहाऱ्याला म्हणून आपला एकच माणूस चढवून ‘सिटकाला चला’ असा हुकूम सोडला. गलबतावर अख्खा कॅनेडियन ताफा, त्यात तो एकटा बिचारा. कप्तानाने शांतपणे सुकाणू फिरवलं आणि थेट व्हिक्टोरिया गाठलं. पाहुण्याला बंदरात उतरवलं. ही ती जगाला धडा देणारी जप्ती.

‘चोर’ या शब्दाबद्दल एवढंच, की सेवर्ड गलबताच्या बाजूने अमेरिकेच्याच सुप्रीम कोर्टात दाद मागितली गेली. कोर्टाने १८९२ मध्ये, हा प्रश्न दोन सरकारांमधल्या वाटाघाटींचा आहे असं म्हणून हात आखडता घेतला. चोर सुप्रीम कोर्टाचं दार ठोठावत नाहीत.

आता पॅरिस. मेसेजमधलं सगळ्यात हास्यास्पद वाक्य हे: ‘पॅरिसच्या कोर्टाने कोट्यवधी डॉलरचा दंड ठोठावला.’ तीन चुका एका वाक्यात बसवायला कसब लागतं.

ते कोर्ट नव्हतं, लवाद होता. २९ फेब्रुवारी १८९२ च्या करारान्वये दोन्ही देशांनी राजीखुशीने नेमलेला. त्यात सात पंच. दोन अमेरिकेचे, न्यायमूर्ती हार्लन आणि सिनेटर मॉर्गन. दोन ब्रिटनचे, लॉर्ड हॅनन आणि कॅनडाचे पंतप्रधान सर जॉन थॉम्पसन. मग फ्रान्सचे बॅरन द कुर्सेल, इटलीचे व्हिस्कोंती वेनोस्ता आणि स्वीडन-नॉर्वेचे ग्राम. निवाडा १५ ऑगस्ट १८९३ चा. तो नेटवर मिळतो, लांबलचकही नाही. मेसेज लिहिणाऱ्याने तो उघडला असता तर माझी दुपार वाचली असती.

पाच प्रश्न होते. त्यातला पाचवा आपल्या कामाचा: किनाऱ्यापासूनच्या नेहमीच्या तीन मैलांच्या हद्दीबाहेर, बेरिंग समुद्रात दिसणाऱ्या सीलवर अमेरिकेचा संरक्षणाचा किंवा मालकीचा काही हक्क आहे का? अमेरिकेचं म्हणणं असं की सील दरवर्षी आमच्याच बेटावर परततात, म्हणजे कबुतरं किंवा मधमाश्या घरी परततात तशा, म्हणून ते आमची मालमत्ता. पाच विरुद्ध दोन मतांनी उत्तर आलं, असा हक्क नाही. विरोधातली दोन मतं कुणाची असतील हे सांगायला नको.

आणि दंड? एक डॉलरसुद्धा नाही. करारानेच लवादाला तो अधिकार दिला नव्हता. आठव्या कलमात स्पष्ट होतं की लवादाने हवं तर फक्त वस्तुस्थितीबद्दल निष्कर्ष काढावा, देणं किती आणि कुणी द्यायचं ते दोन्ही सरकारं नंतर बोलून ठरवतील. लवादाने तेवढंच केलं. निवाड्याला जोडून जहाजांची एक यादी आहे. प्रत्येकाचं नाव, पकडल्याची तारीख, किनाऱ्यापासूनचं अंतर, कोणत्या अमेरिकी नौकेने पकडलं. ती यादी माझ्या मते साऱ्या प्रकरणातला सगळ्यात बोलका कागद आहे. अंतराच्या रकान्यावर नुसतं बोट फिरवा. बेरिंग समुद्रातल्या जप्त्यांचा एकही आकडा तीन मैलांच्या आतला नाही, बहुतेक तर पन्नास-साठच्या पुढेमागे. जप्त्या सरकारी अधिकाराने झाल्या, हेही निष्कर्षात नोंदलेलं आहे. पुढचा सगळा पैशांचा व्यवहार या दोन गोष्टींवर उभा राहिला.

मेसेजात न आलेली आणखी एक गोष्ट त्याच निवाड्यात आहे. हक्क नाकारूनही लवादाने सील वाचवायचे नियम घालून दिले. प्रिबिलोफ बेटांभोवती साठ मैल शिकार कायमची बंद. १ मे ते ३१ जुलै ठरलेल्या समुद्रात शिकार बंद. जाळी, बंदुका आणि स्फोटकं बंद, अपवाद ठरलेल्या मोसमात बेरिंग समुद्राबाहेर वापरायच्या शॉटगनचा. ‘चोरांची बाजू घेतलेल्या’ लवादाने चोरांवर एवढी बंधनं घातली. ती अपुरी पडली, ते पुढे येईलच.

मग पैसे मिळाले कसे? १८९४ मध्ये दोन्ही सरकारांनी ४,२५,००० डॉलर एकरकमी देऊन विषय मिटवायचं ठरवलं. अमेरिकी काँग्रेसने पैसे मंजूर करायला नकार दिला. ८ फेब्रुवारी १८९६ ला नवा करार झाला आणि दोघांचं कमिशन बसलं: अमेरिकेचे न्यायाधीश विल्यम पुटनम आणि कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती जॉर्ज किंग. नोव्हेंबर १८९६ मध्ये व्हिक्टोरियात सुनावणी सुरू झाली. १७ डिसेंबर १८९७ ला दोघांनी एकमताने रक्कम ठरवली. ४,७३,१५१ डॉलर आणि २६ सेंट. १८९८ मध्ये ती चुकती झाली. नकार देऊन काँग्रेसने काय मिळवलं? वर सुमारे अठ्ठेचाळीस हजार डॉलर आणि दोन्हीकडच्या वकिलांची फी.

‘कोट्यवधी’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा अलास्काच्या किमतीशेजारी ठेवून बघावा. जेमतेम पंधरावा हिस्सा. किंवा मक्तेदाराच्या भाड्याशी ताडून बघा, पुऱ्या कोट्याच्या दीड वर्षाची वसुली. आणि यात तीन मोसमांतली सगळी गलबतं, त्यांचा माल, खलाशांचे दावे आणि इतक्या वर्षांचं व्याज आलं.

‘दसपट’चं मूळ मला कुठे सापडलं नाही, पण संशय कशाचा आहे ते सांगते. जप्तीच्या कुठल्याही दाव्यात दोन प्रकारच्या रकमा असतात. पहिली सरळ. गलबताची किंमत, काढून घेतलेली कातडी, बंदुका, होड्या, मीठ, शिधा, कप्तानाला तुरुंगात काढावे लागलेले दिवस. यावर वाद असतो तो फक्त भावाचा. दुसरी असते ‘पकडलं नसतं तर आणखी किती मिळालं असतं’. ऑगस्टच्या सुरुवातीला गलबत पकडलं, मोसम अजून बाकी होता, तर उरलेल्या दिवसांत आणखी किती सील मिळाले असते? इथे मालकांची कल्पनाशक्ती जोरात चालते. व्हिक्टोरियाच्या मालकांनीही हात सैल सोडला होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यांनी मागितलं त्याच्या बरंच खाली कमिशन उतरलं.

हा ‘मिळालं असतं’चा वाद त्याआधीही होऊन गेला होता. १८७२ मध्ये अलाबामा प्रकरणात, म्हणजे अमेरिकी यादवी युद्धात ब्रिटनमध्ये बांधलेल्या जहाजांनी केलेल्या नुकसानीच्या दाव्यात, जिनिव्हाच्या लवादाने भावी कमाई अनिश्चित असते म्हणून ती भरपाईत धरायला नकार दिला होता. तेव्हा भरपाई मागणारी अमेरिकाच होती आणि देणारं ब्रिटन. बेरिंगच्या प्रकरणात बाजू उलटल्या, तसे युक्तिवादही उलटले.

व्हिक्टोरियात अमेरिकेने आणखी एक आक्षेप घेतला, आणि तो पोकळ नव्हता. काही गलबतं कागदावर ब्रिटिश, पण त्यांत खरा पैसा अमेरिकी नागरिकांचा. आपल्याच नागरिकाने आपलाच कायदा मोडायचा, वर ब्रिटनच्या झेंड्याआडून आपल्याकडूनच भरपाई उकळायची, हे कुणालाही झोंबेल. बेनामी मालकी काही आपल्याकडेच नसते. तेव्हा दावेदार सगळे धुतल्या तांदळासारखे होते असं माझं म्हणणं नाही. पण दावेदार लबाड असला म्हणून जप्ती कायदेशीर होत नाही. आमच्या धंद्यात हे पहिल्या वर्षी शिकतात.

आता मेसेजवाल्याला ज्याची गंधवार्ता नाही तो भाग. याच वर्षांत पलीकडच्या बाजूला, रशियाच्या बेटांजवळ, अमेरिकी गलबतं काय करत होती? तेच. जेम्स हॅमिल्टन लुईस, सी. एच. व्हाइट, केट अँड अ‍ॅना ही तीन सीलवाली अमेरिकी गलबतं, आणि केप हॉर्न पिजन हे देवमासे मारणारं. १८९१-९२ मध्ये रशियन नौकांनी ती धरली. रशियाचं म्हणणं जवळपास तेच, जे अमेरिकेने पॅरिसमध्ये मांडलं होतं. आणि अमेरिका? तिने आपल्या मालकांच्या वतीने रशियाकडे भरपाई मागितली. युक्तिवाद असा की किनाऱ्यालगतच्या हद्दीबाहेर तुमचा अधिकार चालत नाही. पॅरिसमध्ये ब्रिटनच्या वकिलांनी सर चार्ल्स रसेल यांच्या पुढारपणाखाली जे सांगितलं, तेच आता अमेरिकेच्या तोंडी.

नेदरलँड्सचे कायदेपंडित असर यांना पंच नेमलं. २९ नोव्हेंबर १९०२ चे त्यांचे निवाडे अमेरिकेच्या बाजूचे आहेत. सरकारचा अधिकार त्याच्या सागरी हद्दीपलीकडे जात नाही, आणि तसा खास करार नसेल तर परक्या जहाजाला तिथे हात लावता येत नाही. केप हॉर्न पिजनला ३८,७५० डॉलर, त्यात बुडालेली संभाव्य कमाईही धरली. जेम्स हॅमिल्टन लुईसला २८,५८८. सी. एच. व्हाइटला ३२,४४४. वर ६ टक्के व्याज.

मला सगळ्यात आवडतो तो केट अँड अ‍ॅनाचा निवाडा. १,४८८ डॉलर, बस्स. रशियनांनी १२४ कातडी काढून घेतली होती. भागाकार करा, कातड्याला बरोबर बारा डॉलर. दसपट नाही, दुप्पट नाही. मुद्देमाल मोजला, भाव लावला, व्याज चढवलं, फाइल बंद. चोरांना दिलेली खिरापत अशी दिसते का?

‘आधी जप्ती, मग कायदा’ म्हणणाऱ्यांना आणखी एक. १९०९ मध्ये अमेरिकी अधिकाऱ्यांनी जेसी, थॉमस एफ. बेयार्ड आणि पेस्कावा या ब्रिटिश गलबतांवर चढून झडती घेतली आणि बंदुकांना मोहोर लावली. ती गलबतं समुद्री पाणमांजराच्या शिकारीला निघाली होती. १९२१ मध्ये लवादाने अमेरिकेला जबाबदार धरलं. अधिकाऱ्याची चूक प्रामाणिक असली तरी तो सरकारी अधिकारानेच हुकूम सोडतो, तेव्हा निस्तरायचं सरकारने. म्हणजे जप्ती सोडाच, हद्दीबाहेर बंदुकीला मोहोर लावली तरी हिशेब द्यावा लागतो.

‘त्यानंतर सील संपले.’ संपले नाहीत, पण संपायला आले होते. पॅरिसचे नियम पाळायचे होते ते फक्त ब्रिटन आणि अमेरिकेने, जपानी गलबतांना ते लागूच नव्हते. साठ मैलांबाहेर शिकार चालू राहिली आणि बेटांवरचा सोटाही चालू राहिला. आपल्याच नागरिकांना खुल्या समुद्रात सील मारायला अमेरिकेने बंदी घातली ती डिसेंबर १८९७ मध्ये. पहिल्या जप्तीनंतर अकरा वर्षांनी. शेवटी ७ जुलै १९११ ला अमेरिका, ब्रिटन, जपान आणि रशिया यांनी करार केला. खुल्या समुद्रातली शिकार बंद, आणि बदल्यात बेटांवरच्या कातड्यांचा वाटा. अमेरिका आणि रशिया या दोघांनीही आपापल्या कातड्यांतले १५ टक्के कॅनडाला आणि १५ टक्के जपानला द्यायचे. शिकार सोडायला पैसे मोजले, तेव्हा ती थांबली. सीलची संख्या सावरली ती त्यानंतर. पंचवीस वर्षं जहाजं धरून जे झालं नाही ते वाटणीने झालं.

आणि भरपाईचा विषय काढलाच आहे तर एक दावा असाही आहे, ज्याच्यावर कुणाचा मेसेज फिरत नाही. प्रिबिलोफ बेटांवर सोटा चालवणारे हात होते अलास्कातल्या आदिवासी उनंगन, म्हणजे अलेउत लोकांचे. रशियनांनी त्यांना इतर बेटांवरून जबरदस्तीने तिथे आणून कामाला जुंपलं, आणि अमेरिकेच्या काळातही ते आधी कंपनीच्या आणि नंतर सरकारी अंमलदारांच्या मुठीत राहिले. कुणी कुठे जायचं, काय काम करायचं, दुकानातून काय घ्यायचं, सगळं वरून ठरे. १९५१ मध्ये त्यांनी अमेरिकी सरकारवर दावा लावला, १८७० ते १९४६ या काळातल्या वागणुकीबद्दल. पैसे हाती आले १९७९ च्या सुमारास, ८५ लाख डॉलर. गलबतांच्या मालकांचा दावा अकरा-बारा वर्षांत निकाली लागला. यांना दावा लावल्यावर अठ्ठावीस वर्षं थांबावं लागलं, आणि ज्यांच्या अंगमेहनतीवर मक्ता चालला त्यातले बहुतेक तोवर गेले होते. खरी अन्यायाची गोष्ट हवी होती तर ही घ्यायची होती. पण त्यात ‘निरागस सीलना वाचवणारी’ अमेरिका बसत नाही.

राहता राहिला फोटो. तो पांढरा मऊ गोळा हार्प सीलचं पिल्लू आहे. ते अटलांटिकच्या बाजूला, न्यूफाउंडलंडच्या बर्फावर जन्मतं. बेरिंगच्या फरवाल्या सीलचं पिल्लू जन्मतःच काळं असतं आणि खडकाळ किनाऱ्यावर वाढतं. दोघांमध्ये एक अख्खा खंड आहे. मेसेज पुढे ढकलायचाच असेल, तर निदान समुद्र तरी बरोबर निवडा.